शोकेसवरची धूळ

आईनं मला शोकेस पुसू दिली नाही. खुब्याचं ऑपरेशन करून तिला घरी आणलं, तेव्हा तिची खाट आम्ही बाहेरच्या खोलीत टाकली, कारण न्हाणीघर तिथून जवळ. खाटेच्या पायथ्याशी भिंतभर ती शोकेस. थोड्याच दिवसांत तिच्यावर धूळ दिसायला लागली. आमच्या धुरीवाड्यात समुद्र दोन गल्ल्यांपलीकडे आहे. इथं धूळ नुसती बसत नाही, खाऱ्या वाऱ्यानं चिकटते. मी फडकं घेऊन उठले तर आई म्हणाली, "रवांदे. हे कधी पुसतत ता बघूया."

हसत म्हणाली नाही, रागावूनही नाही. मळभ आलंय, पाऊस पडतो का बघूया, अशा आवाजात म्हणाली. मी फडकं ठेवून दिलं.

'हे' म्हणजे माझे वडील. त्यांना सगळा वाडा भाई म्हणतो, मीही भाईच म्हणते. हायस्कुलात त्यांनी पस्तीस वर्षं भूगोल शिकवला. घरात प्रमाण मराठी बोलायचं हा त्यांचा नियम होता आणि तो आई सोडून सगळ्यांनी पाळला.

शोकेस त्यांनी परसातला फणस पाडून करून घेतली होती. कुडाळचे सुतार आमच्या खळ्यात महिनाभर काम करत होते. मधे टीव्हीचा चौकोन, खाली टेप आणि स्पीकर, दोन्ही बाजूंना काचेची दारं, दारांना पितळी मुठी, आणि वर मोर-वेलींचं कोरीवकाम, ज्यात धूळ जाऊन बसली की काडीला कापूस गुंडाळूनच काढावी लागे. फणसाचं लाकूड नवं असताना हळदीसारखं पिवळं असतं. मग ते तांबूस होत जातं. आमची शोकेस आता जुन्या गुळासारखी दिसते आणि भाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "तीस वर्षांत पॉलिश नाही. नुसती निगा."

ती निगा अशी होती. रोज सकाळी कोरडं फडकं. शनिवारी पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं, आणि त्याच्यामागून लगेच कोरडं, कारण लाकडावर पाणी राहिलं तर मिठाचा पांढरा पापुद्रा धरतो. काचांना वर्तमानपत्र. मुठींना आमसुलाचं पाणी, पण त्याचा थेंब लाकडावर पडता कामा नये, काळा डाग पडतो. टीव्हीच्या पडद्याला फक्त मलमल. पावसाळ्यात खालच्या कप्प्यात लहान बल्ब लावून ठेवायचा, नाहीतर टेपला बुरशी. दिवाळीच्या आधी जवसाचं तेल. हे सगळं भाईंनी ठरवलं होतं आणि आई करत होती. तिचं झालं की भाई खुर्चीतून उठायचे, वरच्या फळीवरून उजव्या हाताची तर्जनी फिरवायचे आणि ते बोट तिला दाखवायचे. बोलायचे काही नाहीत.

संध्याकाळी टीव्ही लागला की आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची. सोफ्यावर बसलेली मी तिला पाहिलेलं नाही. बसायला सांगितलं की म्हणायची, "आमटी उकळता."

ऑक्टोबरात दिवाळीच्या तेलासाठी ती स्टुलावर चढली आणि पडली. मी कोल्हापूरहून फोंडाघाटानं खाली उतरले, ती दवाखान्यातच पोचले. घरी आणल्यावर तीन आठवडे ती त्या खाटेवर शोकेसकडे तोंड करून होती. भाई तिच्या शेजारी खुर्चीत बसून बातम्या बघत. ते वाईट वागले असं नाही. औषधांच्या वेळा त्यांनी पाळल्या, रात्री पाणी दिलं. पण धूळ त्यांनाही दिसत होती. एकदा मी पेज घेऊन आले तेव्हा ते म्हणाले, "गौरजा, शोकेस बघितलीस का?"

"बघितली."

"मग?"

मी आईकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते, पण ती जागी होती. मी पेज भरवायला लागले. भाई पुन्हा बातम्यांकडे वळले.

आईनं काय म्हटलं ते मी त्यांना तेव्हा सांगितलं असतं तर त्यांनी कदाचित पुसलीही असती. पण मग ती नुसती हुकमाची बजावणी झाली असती. तिला मागायचं नव्हतं. मागायचं असतं तर तिला तोंड होतं. तिला बघायचं होतं. मग तिच्या छातीत कफ झाला आणि ती गेली. शोकेस तशीच होती.

*

खाट काढली. तिथं दिवा लावला, दिव्याच्या बाजूला तांदळाचं पीठ पसरून त्यावर टोपली पालथी घातली. मसुऱ्याहून मथुरा आत्या आली होती. भाईंची धाकटी बहीण, माझ्या आईपेक्षा दोन वर्षांनी लहान, आणि तोंडानं दहा वर्षांनी मोठी. सकाळी तिनं टोपली उचलून पीठ निरखलं. गेलेला जीव पुढं कोणत्या जन्माला गेला त्याचं पाऊल पिठावर उमटतं म्हणतात. पिठावर मुंग्यांची रांग होती.

"मुंगी काय धरूची नाय," आत्या म्हणाली. "मुंगी खंयय येता."

मग तिची नजर वर गेली. "गो, आणि ह्या काय? शोकेस बघ! समाचाराक लोक येतले. दी ता फडका हंय."

"नको, आत्या."

"तू पुसतं?"

"नाही."

"मगे कोण पुसतलो?"

"भाई पुसतील."

आत्या दुःखातही हसली. पदर तोंडाला लावून हसली. "भाई? भाईन जल्मात कधी फडका हातात घेतल्यान?"

भाई ओसरीवर होते. त्यांना ऐकू गेलं असणार. वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला.

मी फडकं आत नेऊन माझ्या बॅगेत ठेवलं. घरात इतर फडकी होती, पण आत्या समजली. ती माझ्याशी दुपारपर्यंत बोलली नाही.

लोक येत राहिले. सुतकात टीव्ही बंद, त्यामुळं माणसं बसली की त्यांच्या समोर तो काळा पडदा आणि त्यावरची धूळ. उन्हं खिडकीतून तिरपी आली की काचेवरचा थर राखाडी दिसे. भाई मुद्दाम अशी खुर्ची धरत की त्यांची पाठ शोकेसकडे व्हावी. मी मुद्दाम पाहुण्यांच्या खुर्च्या तिच्यासमोर मांडत होते. आमच्यात एवढंच बोलणं चाललं होतं, आणि ते दोघांनाही नीट ऐकू येत होतं.

"लग्न झालेल्या मुलीला तीन दिवसांचं सुतक," एका जेवणाला भाई म्हणाले. "तुला कॉलेज असेल."

"रजा आहे."

"किती?"

"पुरेल."

त्यांनी भातावर ताक घेतलं. "तुझ्या आईला असं आवडलं नसतं. तिला घर स्वच्छ लागायचं."

"तिला लागायचं की तुम्हाला?"

आत्या म्हणाली, "जेवा गो आता. घास तोंडात आणि भांडाण पानात."

दोन दिवसांनी सकाळी आत्येच्या हाकेनं मी बाहेर आले. ती शोकेससमोर उभी होती. वरच्या फळीवर धुळीत एक रेघ ओढलेली होती. सरळ, बोटाच्या जाडीची, मोराच्या चोचीपासून कोपऱ्यापर्यंत.

"वैनी इली होती," आत्या कुजबुजली. तिनं हात जोडले होते. "बोट बघ. वैनीचाच बोट. पुसूक इली आणि एकदाच हात फिरवून गेली. तिचो जीव हंयच अडाकलो गो."

भाई त्यांच्या खोलीच्या दारात उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी उजवा हात लेंग्याच्या खिशात घातला.

आत्या वळून त्यांना म्हणाली, "भाई, बघितलंस?"

"बघितलं," भाई म्हणाले.

एवढंच. शेजारणी आल्या, त्यांना आत्येनं रेघ दाखवली. सारिका म्हणून पलीकडच्या घरातली सून आहे, तिनं मोबाइलवर फोटो काढला. दुपारपर्यंत वाड्यात ही गोष्ट झाली होती की बिचाऱ्या विमलकाकींचा जीव शोकेसमध्ये आहे, मुलगी पुसत नाही म्हणून त्या स्वतः येतात.

मी भाईंना परसात गाठलं. ते विहिरीवर पाय धूत होते.

"ते बोट तुमचं आहे."

"आहे."

"आत्याला सांगा."

"तिला त्यात बरं वाटतंय. वाटू दे."

"तिला बरं वाटतंय म्हणून आईला परत आणून कामाला लावलीत?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "आवाज."

"मेल्यावर तरी तिच्या हातातलं फडकं काढा."

"तू पुसली असतीस तर यातलं काही झालंच नसतं," भाई म्हणाले. शाळेत वर्गाला सांगावं तसं, शांत. "पाच मिनिटांचं काम. मी बघतोय, तू मुद्दाम करते आहेस. कोणाला काय दाखवायचं आहे तुला?"

"पाच मिनिटांचं आहे, तर तुम्ही करा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना विहिरीत उतरायला सांगत होते. मग पायात चपला सरकवून आत गेले. दगडावर त्यांच्या पावलांचे ओले ठसे राहिले आणि उन्हात लगेच वाळले.

*

दहाव्याला आम्ही किनाऱ्यावर गेलो. बायका येत नाहीत, असं भाई म्हणाले होते. मी आले आणि माझ्यामागून आत्याही आली. मुलगा नसल्यामुळं सगळं भाईंच्या हातून होत होतं. उघडे, पांढरी छाती, ओलं धोतर. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, आणि बघायचंही सोडवत नव्हतं.

भटजींनी केळीच्या पानावर पिंड मांडले. तीळ, दर्भ, पाणी. मग आम्ही सुरूच्या झाडांखाली मागं सरून उभे राहिलो आणि वाट बघायला लागलो.

कावळा येईना.

कावळे नव्हते असं नाही. मालवणातले झाडून सगळे कावळे तिथंच होते, पण हाकेच्या अंतरावर. सकाळी रापण ओढली होती. जाळं वाळूवर आलेलं, त्यात बांगडा चांदीसारखा उसळत होता, बायका टोपल्या घेऊन वाकल्या होत्या आणि वर कावळ्यांचा ढग. ज्याला ताजा बांगडा समोर आहे तो भाताच्या गोळ्याकडे कशाला येईल? हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होतं. आत्येलाही. तिनं हात तोंडाशी धरून रापणीवरच्या माणसाला हाक मारली.

"रे बाबल्या! एक तरी कावळो हंय हाकल मरे!"

बाबल्या जाळं झटकत ओरडला, "आत्याबाय, कावळे काय माझे पगारी आसत?"

बाया हसल्या आणि मग दहावं आहे हे दिसून गप्प झाल्या.

ऊन चढलं. भटजी घड्याळ बघायला लागले. त्यांना पुढं देवगडच्या रस्त्याला आणखी एक क्रिया होती. "काही इच्छा राहिली असेल," ते म्हणाले. "बोला. मोकळेपणानं बोला."

भाई पुढं झाले. हात जोडले. "विमल, वर्षश्राद्ध रीतसर करीन."

कावळे रापणीवर.

"तुझे दागिने गौरजाला देईन."

एक कावळा उडाला, आमच्या डोक्यावरून गेला आणि वळून पुन्हा माशांकडे.

"तुझ्या माहेरच्या सत्यनारायणाला दरवर्षी जाईन." भाईंचा आवाज कोरडा पडला होता. घरात मोठ्यानं बोलायची त्यांना सवय होती, पण तिच्याशी बोलायची नव्हती, हे ऐकताना कळत होतं.

तेव्हा आत्या पुढं सरकली. "कित्याक उगाच फिरतंस, भाई? सगळ्यांका म्हायत आसा ती कशासाठी अडाकली." मग पिंडांकडे वळून, मोठ्यानं, "वैनी! गौरजा तुझी शोकेस पुसतली! दर म्हयन्याक कोल्लापुरासून येवन पुसतली! शिव गो बाये!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भटजी, आत्या, सारिकाचा नवरा, भाईंचे शाळेतले दोन जुने सहकारी. भाई माझ्याकडे बघत नव्हते. ते समुद्राकडे तोंड करून म्हणाले, "गौरजा, म्हण."

"काय म्हणू?"

"आत्या म्हणाली ते. म्हण आणि सगळ्यांना सोडव."

"नाही म्हणणार."

"अगो, तुझी आवस ती!" आत्या रडकुंडीला आली. "नुसता बोलाक काय जाता? मागसून नाय पुसलंस तरी चलात!"

मला वाटत होतं मी गप्प राहीन. तिचं वाक्य माझ्याजवळ होतं तोवर ते तिचं होतं. पण त्या सगळ्यांनी मिळून तिला फडकं दिलं होतं आणि आता तेच माझ्या हातात सरकवत होते, तेही तिच्या नावानं.

"आईनं मला शोकेस पुसू दिली नाही," मी म्हणाले. "खाटेवर होती तेव्हा. मी फडकं घेतलं तर म्हणाली, रवांदे. हे कधी पुसतत ता बघूया. तेवढं बघायचं राहिलं तिचं. दुसरं काही नाही."

रापणीवर कुणीतरी टोपली आपटली.

भाई वळले. "ती असं म्हणाली?"

"हो."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"तिनं सांगायला सांगितलं नव्हतं."

त्यांच्या कपाळावरून पाणी ओघळत होतं, आंघोळीचं की घामाचं माहीत नाही. भटजी हळूच म्हणाले, "मग भाई, एवढंच म्हणा. मी पुशीन म्हणा. साधी गोष्ट आहे."

साधीच होती. दोन शब्द. मी भाईंच्या तोंडाकडे बघत होते. ओठ हलले. मला खरंच वाटलं की ते म्हणतील, आणि त्या क्षणी, त्यांच्यावर इतकी चिडलेली असूनही, मी मनात त्यांना म्हणत होते, म्हणा, म्हणून टाका.

"दर्भाचा करा," भाई म्हणाले.

भटजींना कळलं नाही. "काय?"

"दर्भाचो कावळो करा म्हणतंय!" भाई ओरडले. त्यांच्या तोंडून मालवणी मी पहिल्यांदा ऐकली. "नाय येत तर नाय येत. गवताचो करा आणि शिवा."

भटजींनी दर्भाला गाठ मारली, चोचीसारखं टोक काढलं आणि ते पिंडाला लावलं. कावळ्यानं स्पर्श न केल्यास असं करतात, त्यात अधर्म नाही. पण आमच्या घरात हे कधी झालं नव्हतं. आत्येनं तोंडात पदर कोंबला होता. आम्ही निघालो. सुरूच्या झाडांशी मी मागं वळून पाहिलं. रापण आवरली होती, मासळी गेली होती, आणि आमच्या पानाभोवती पाच-सहा कावळे उतरून भात खात होते. मी कुणाला काही सांगितलं नाही.

*

त्यानंतर आत्या भाईंशी बोलेना. तिनं फक्त एकदा, ताट वाढताना, त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "गवताक हात लावलंस. फडक्याक लावलो आसतंस तर मेलो नसतंस." भाईंनी ताट सरकवलं आणि उठले. ती त्यांच्यामागून "जेव जेव" म्हणत गेली नाही. मला ते नवीन होतं. शोकेस पुसायचं तर तिनं नावच टाकलं. उलट सारिका सहज फडक्याला हात घालायला गेली तर आत्या तिच्यावर खेकसली, "तुझा काय गो त्यात?"

धुरीवाड्यात किनाऱ्यावरची बातमी बांगड्याच्या आधी पोचते. आता समाचाराला येणारी माणसं दारात चपला काढत आणि आईच्या फोटोकडे बघायच्या आधी शोकेसकडे बघत. मग भाईंकडे. मग खाली. बायका जास्त वेळ बघत. एक म्हातारी, मला नावही माहीत नाही, बराच वेळ नुसती बसली, उठताना शोकेसच्या काचेजवळ गेली, निरखून पाहिलं आणि म्हणाली, "अजून नाय मां?" जणू एखादं काम सरकारी कचेरीत अडकलं होतं.

भाई खोलीतच बसायला लागले. मला बरं वाटत होतं. हे लिहायला चांगलं दिसत नाही, पण बरं वाटत होतं. आणि त्याचबरोबर हेही कळत होतं की आता काही होऊन उपयोग नाही. आईला जे बघायचं होतं ते न सांगता झालेलं बघायचं होतं. मी ते दहा माणसांसमोर वाळूवर टाकून आले होते. आता भाईंनी पुसली तर ती माझ्यामुळं, वाड्यामुळं. तिच्यासाठी पुसायची जागाच मी शिल्लक ठेवली नव्हती.

बाराव्याला जेवणाला माणसं येणार होती. भाईंच्या हायस्कुलातले मुख्याध्यापक, सावंतवाडीचे चुलते, आईच्या माहेरची. सकाळी मी नारळ खवत बसले होते, तेव्हा भाई स्वयंपाकघरात आले. दाराच्या चौकटीत उभे राहिले.

"फडकं कुठे आहे?"

मी उठून बॅगेतलं फडकं आणून दिलं. त्यांनी ते दोन बोटांनी धरलं.

"आणि आमसुलं?"

"तिसरा डबा."

त्यांना तिसरा डबा सापडला नाही. त्यांनी धणे काढले, मग मिरी. आत्या चुलीशी होती. ती बघत राहिली, सांगितलं नाही. शेवटी वासावरून त्यांनी डबा ओळखला.

मी नारळ खवत राहिले, पण थोड्या वेळानं उठून त्याच चौकटीशी गेले.

ते चुकीचं करत होते. सगळंच. ज्यांनी तीस वर्षं खुर्चीतून क्रम सांगितला त्यांना फडकं पिळता येत नव्हतं. ते त्यांनी बादलीत बुडवून तसंच वर नेलं होतं आणि पाणी वेलींच्या कोरीवकामातून, काचेवरून, खाली स्पीकरपर्यंत ओघळत होतं. कोरडं फडकं त्यांनी घेतलंच नव्हतं. धूळ निघण्याऐवजी चिखल झाला आणि कडेला सरकला. मुठीला आमसूल लावताना दोन थेंब लाकडावर पडले, त्यांनी ते बोटानं पुसले, डाग मोठा झाला.

"बघत काय उभी आहेस?" ते माझ्याकडे न वळता म्हणाले. "किती पिळायचं असतं?"

"थेंब पडेनासा होईपर्यंत."

त्यांनी पिळलं. त्यांची बोटं सांध्यांत सुजलेली आहेत. मूठ पुरती वळत नव्हती. थेंब पडतच होते. पुन्हा पिळलं. लेंग्यावर पाणी सांडलं.

"हे असं रोज?" ते म्हणाले.

ते मला विचारत नव्हते.

पहिली माणसं दारात आली. मुख्याध्यापक, त्यांच्या मागं आईचा चुलतभाऊ हरिश्चंद्रमामा. भाईंनी मान वळवली नाही. ओल्या लेंग्यात, पाठमोरे, खालच्या कप्प्यात हात घालून ते म्हणाले, "बसा. शोकेसला हात लावू नका, ओली आहे." मामा माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना खुर्ची दिली, शोकेससमोरचीच.

वाळलेल्या भागावर पांढरे फराटे उमटायला लागले होते. भाईंनी ते पाहिले. मग खाली बादलीत पाहिलं. पाणी लाल-काळं झालं होतं. त्यांनी फडकं माझ्या दिशेनं धरलं. धुवून आण म्हणाले नाहीत, नुसतं धरलं. आईपुढं बोट धरत तसंच, न बोलता.

मी हात पुढं केला नाही.

मुख्याध्यापक खाकरले. भाईंचा हात तसाच होता. मग त्यांनी तो खाली घेतला, गुडघ्यावर जोर देऊन उठले आणि फडकं घेऊन स्वतः न्हाणीघराकडे निघाले. फडक्यातून पाणी गळत होतं. स्वच्छ, चकचकीत फरशीवर काळ्या थेंबांची ओळ त्यांच्यामागून जात होती, आणि त्या ओळीच्या मागून मथुरा आत्या, एका हातात पळी तशीच धरून, पायाखाली पोतेरं सरकवत ते थेंब पुसत गेली.